कूलरचा शेरा

चारुशीला कुणाच्याही घरात शिरली की आधी खिडकी बघते. माणसं नंतर. खिडकी कोणत्या दिशेला, तिच्यासमोर किती अंतरावर काय, हिवाळ्यात फरशीवर ऊन कुठवर येत असेल. हे तिचं काम आहे. नागपुरात कुठे जुना बंगला पाडून तिथे उंच इमारत उभी राहायची असली, की ती शेजाऱ्यांच्या खोल्यांतला किती उजेड खाईल, किती आकाश झाकेल, तिच्या पाट्यांचा झगमगाट कुणाच्या छतावर पडेल, याचा अहवाल तयार करणारं एक लहान कार्यालय आहे. उन्मेष सरांचं. चारुशीला तिथे बारा वर्षं आहे. वय पंचेचाळीस. चष्म्याचा नंबर दरवर्षी थोडा वाढतो.

तिच्या पिशवीत टेप असतो, पॅड असतं, आणि रुमालात गुंडाळलेला मीटर. बिस्किटाच्या पुड्याएवढा काळा डबा, त्याला वायरीनं जोडलेली एक पांढरी घुमटी. घुमटी टेबलावर ठेवायची, डब्यावर आकडा येतो. त्या आकड्याला लक्स म्हणतात. घुमटी ठेवली की बाजूला व्हायचं. नवखी माणसं आकडा बघायला वाकतात आणि स्वतःचीच सावली मोजून घेऊन येतात. चारुशीलाच्या बाबतीत असं बारा वर्षांत झालं नव्हतं.

ती पारशिवनीची. वडील धोंडबा ग्रामपंचायतीत शिपाई. दोन गल्ल्या सोडून सरिताचं घर. दोघी एका बाकावर बसल्या, एकाच गाडीनं नागपूरला आल्या, एकाच खोलीत राहून आयटीआयला आरेखनाच्या वर्गाला जाऊ लागल्या. सरिताच्या रेषा थरथरत. परीक्षेच्या आधी तिचे कागद चारुशीलाच पुरे करून देई. दुसऱ्या वर्षी सरितानं शिक्षण सोडलं, लग्न केलं आणि धंतोलीत राहायला गेली. नवरा वसंत, एका दवाखान्याच्या औषधाच्या दुकानात. सासऱ्यांनी आयुष्यभर कंपाउंडरकी करून पहिल्या मजल्यावर तीन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या.

लग्नानंतर आठ दिवसांनी चारुशीला तिथे पहिल्यांदा गेली. सरितानं तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं.

"खिडकी पाय वं. आपली पारशिवनीची अख्खी खोली मावते हिच्यात."

खिडकी दक्षिणेला होती. समोर एका जुन्या बंगल्याच्या छपरावरचे लाल कवेलू, एक कडुनिंब, आणि त्यावर नुसतं आकाश. डिसेंबर होता. ऊन खिडकीतून आत येऊन, टेबलावरून उतरून, पलंगाखाली गेलं होतं. चारुशीला "छान आहे" म्हणाली. परतताना ऑटोत तिच्या पोटात काहीतरी घट्ट बसलं होतं. भूक असावी असं तिला वाटलं. घरी येऊन जेवली, तरी ते तिथेच होतं.

सरळ रेषा तिच्या होत्या. खिडकी सरिताला मिळाली.

पुढे सरिता इतवारीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे रफू शिकली. ज्या हाताला पट्टी धरून एक रेष ओढता येत नव्हती, तो हात शालीचं भोक असं भरू लागला की मालकालाही जागा सापडू नये. कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा, मूळ विणीत एकेक आडवा-उभा सोडायचा. त्या कामाला दिवसाचाच उजेड लागतो. "ट्यूबखाली काळा अन् नेव्ही ब्लू भाऊ-भाऊ दिसतेत," सरिता म्हणायची. हिवाळा हा तिचा हंगाम. शाली, कोट, लग्नाच्या साड्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती खिडकीशी बसे. उन्हाळ्यात काम नसेच.

चारुशीलाचं लग्न गिरिधरशी झालं. तो जरीपटक्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतो. हसरा माणूस. बाजारामागच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. तिथेही दक्षिणेला खिडकी होती, समोर मोकळा प्लॉट होता. चारुशीलाची आई कौसल्या त्यांच्याकडेच राहायची. थंडीत ती फरशीवरच्या उन्हाच्या तुकड्यात चटई टाकून मेथी निवडत बसे आणि तुकडा सरकला की चटईसह सरके. अकरा वर्षांपूर्वी त्या प्लॉटवर चार मजली व्यापारी इमारत आली. खिडकीपासून आठ फुटांवर भिंत. त्या हिवाळ्यात आई रोज सकाळी चटई जुन्याच जागी टाकत राहिली.

"आई, तिथं ऊन नाही आता."

"येईन. थंडी वाढली का येते."

पुढच्या वर्षी आई गेली. त्याचा उन्हाशी काही संबंध नव्हता, तिला साखरेचा आजार होता. पण चारुशीलाला त्या चटईची जागा आजही नेमकी दाखवता येते. आता तिथे दिवसाही ट्यूब जळते, आणि संध्याकाळी समोरच्या कपड्यांच्या दुकानाची पाटी छतावर आधी हिरवी, मग लाल होते. त्या इमारतीच्या वेळी कुणी मोजायला आलं नव्हतं. चारुशीला तेव्हा नोकरीला लागून एकच वर्ष झालं होतं. ती दुसऱ्यांच्या खिडक्या मोजत होती. स्वतःच्या घरात तिनं मीटर कधी रुमालातून बाहेर काढला नाही.

आणि मग श्रावस्ती.

चारुशीलाची मुलगी, एकुलती एक, सतरा वर्षांची. तिला आर्किटेक्ट व्हायचं आहे. प्रवेश परीक्षेला चित्रं काढावी लागतात. तिची शिकवणी धंतोलीत. गेल्या हिवाळ्यापासून शिकवणी सुटली की ती सरितामावशीकडे जाऊ लागली. आधी तासभर, मग अंधार पडेपर्यंत.

"तिथं काहून जातेस रोज? घर नाही का आपल्याले?"

"मावशीकडे रंग खरे दिसतात, आई."

एवढंच म्हणून ती जेवायला बसली. तिनं ते सहज म्हटलं होतं. चारुशीलानं वाढता वाढता डाव भांड्यात तसाच ठेवला आणि उठून पाणी प्यायली. सरिताला मूल नाही. चारुशीलाच्या घरातली ती एकच गोष्ट सरिताकडे नव्हती.

*

मे महिन्यात काम आलं. धंतोलीत एक बंगला पाडून आठ मजली दवाखाना होणार होता. यादीत शेजारच्या बावीस खोल्या. चौदावा नंबर सरिताची मागची खोली.

त्या प्रकल्पाच्या मंजुरीत एक अट होती. ज्या खोल्यांत आज चांगला उजेड आहे आणि इमारतीमुळे तो जाणार आहे, त्या 'बाधित' धरायच्या, आणि त्या बाजूला तिसऱ्या मजल्याच्या वरचं बांधकाम मागे घ्यायचं. ज्या खोल्यांत आजच शंभर लक्सच्या खाली उजेड आहे त्या अंधाऱ्या. त्या वगळायच्या. ज्याच्याकडे काही नाही त्याचं काय जाणार, असा त्यामागचा विचार.

पण नागपुरात मे महिन्यात मोजायचं म्हणजे एक अडचण असते. एप्रिलमध्ये घरोघरी खिडकीत कूलर बसतो. बाहेर लोखंडी स्टँड, आत कूलरचं तोंड, आणि उरलेली फट प्लायवूड, थर्माकोल, जुन्या कॅलेंडरांनी गच्च बंद. तीन महिने खिडकी ही खिडकी नसतेच. आणि पंचेचाळीस अंशांत कुणाला कूलर काढा म्हणायची सोय नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चारुशीलानंच यावर उपाय काढला. घुमटी खिडकीबाहेर धरून आकाशाचा उजेड घ्यायचा, खिडकीची लांबी-रुंदी घ्यायची, त्यावरून कूलर नसताना टेबलावर किती पडेल ते काढायचं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं: 'कूलर बसवलेला. आकडा कूलरविना धरावा.' कार्यालयात याला 'कूलरचा शेरा' म्हणतात. उन्मेष सर नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि म्हणतात, हे चारुशीलाताईंचं.

ती सरिताकडे पोचली तेव्हा दुपारचे बारा झाले होते.

"ये वं मोजणीवाली!" सरितानं दार उघडलं. "सकाळपासून गल्लीत फिरून राहिली, अन् माह्या घरी आता येतेस? परकी हाये का मी?"

"नंबरानं घ्या लागते."

"मंग आकडा मोठा लिहिजो. मैत्रिणीचं एवढं तं करशीन."

"आकडा आपल्या हाती नसते."

"तुह्या हाती नाही तं कोणाच्या? मीटर तं तूच धरून उभी हायेस," सरिता हसली. "बस आधी. पन्हं देते. चेहरा पाय कसा झाला, भाजलेल्या वांग्यासारखा."

मागच्या खोलीत कूलर गरगरत होता. ओल्या वाळ्याचा वास, हिरवट अंधार. टेबलावर रफूसाठी कापड ताणायची रिंग उलटी पडलेली. चारुशीलानं घुमटी ठेवली आणि बाजूला झाली. बाजूला होताना तिची नजर भिंतीवर गेली.

टेबलाच्या वर एक चित्र चिकटवलं होतं. दोन हात, एका शालीवर. डाव्या हाताची बोटं कापड ताणून धरलेली, उजव्या हातात सुई. खिडकीतलं ऊन बोटांच्या मधून आरपार गेलेलं, बोटांच्या कडा लालसर. सरिताचे हात. अंगठ्यावरचा जुना डागही होता. खाली कोपऱ्यात श्रावस्तीची सही.

"पोट्टीनं काढलं," सरिता पन्ह्याचा ग्लास घेऊन आत आली. "तीन दिवस मले हालू नाही दिलं. पाहिलं नाही का तू? मले वाटलं तुले दाखवलं असन."

"हो. दाखवलं," चारुशीला म्हणाली.

दाखवलं नव्हतं. आणि तिचे हात तर श्रावस्तीनं कधी काढलेच नव्हते. कसे काढणार? घरी उजेड नाही.

आकडा अडतीस होता. तिनं तो लिहिला. नियमानं आता गॅलरीतून वळसा घालून घुमटी खिडकीबाहेर धरायची, टेप लावायचा, खिडकीतून काय दिसतं त्याचा फोटो घ्यायचा. दोन मिनिटांचं काम. ती पेन धरून उभी राहिली. शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद होता. ती त्या पांढऱ्या जागेकडे बघत होती आणि तिला काहीच वाटत नव्हतं. पोटातली ती घट्ट गोष्ट गेली पंचवीस वर्षं जिथे होती तिथे नव्हती. इतकी हलकी ती बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

"झालं का?" सरितानं विचारलं.

"झालं."

"चांगलं आलं ना वं?"

"आलं ते लिहिलं."

तिनं पन्हं पूर्ण प्यायलं आणि पॅड मिटलं.

कार्यालयात उन्मेष सर तक्ता बघताना चौदाव्या ओळीवर थांबले. "इथं कूलर नव्हता का, ताई? बाकी सगळ्यांना शेरा आहे. आणि खिडकीतून फोटोही नाही."

"नाही सर. खोलीच अंधारी आहे. खिडकीतून काही दिसत नाही, म्हणून फोटो घेतला नाही."

"बरं," सर म्हणाले आणि पुढच्या ओळीकडे गेले. बारा वर्षांत त्यांनी तिचा आकडा कधी दुसऱ्यांदा विचारला नव्हता.

*

जुलैच्या मध्यात कूलर उतरतात. एका घरच्या माणसांना ते जमत नाही. स्टँडवरून ते धूड आत घ्यायला चार-सहा हात लागतात. म्हणून घरं ठरलेली असतात. सरिताचा कूलर उतरवायला दरवर्षी चारुशीलाकडचे जातात आणि चारुशीलाचा उतरवायला सरिताकडचे येतात. चारुशीलाकडचा आधीच्या रविवारीच उतरला होता. या वर्षी गिरिधरला दुकानात माल लावायचा होता, म्हणून रविवारी मायलेकीच गेल्या.

वसंतभाऊंनी स्क्रू काढले. श्रावस्तीनं थर्माकोल ओढला. "एक, दोन, तीन, धरा वं! सोडू नका, माह्या पायावर येईन," सरिता ओरडत होती. कूलर आत आला आणि त्याच्यामागून उजेड आला.

बाहेर ढग होते. ऊन नव्हतंच. तरी तो उजेड टेबलावर, भिंतीवर, रिंगेवर, त्या चित्रातल्या हातांवर पसरला आणि खोलीतली प्रत्येक वस्तू आपापल्या रंगात परत आली. श्रावस्तीनं डोळे बारीक केले आणि हसली. चारुशीलानं मुलीचा चेहरा इतका स्पष्ट किती दिवसांत पाहिला नव्हता. तिच्या हनुवटीवर एक तीळ आहे. तो कौसल्याच्या हनुवटीवरही होता.

वसंतभाऊ कूलर धुवायला खाली घेऊन गेले. सरिता पदराला हात पुसत एक कागद घेऊन आली.

"हे पाय. बंगल्याच्या फाटकावर लागलं होतं, यांनी फोटो काढून छापून आणलं. ज्याच्या खिडकीले त्रास होणार हाये त्याची यादी. पंधरा दिवसांत हरकत घ्या म्हणतेत. माहा नंबर नाही!" ती खुशीत होती. "पलीकडच्या गल्लीतल्या काकूचा हाये, समोरच्या डॉक्टरचा हाये. माह्या खिडकीले काहीच होत नाही म्हणे. मी यांले म्हटलं, चारू होती मोजाले, मले काय भेव?"

चारुशीलानं कागद घेतला. बाधित खोल्या, अकरा. वगळलेल्या खोल्या, अकरा. त्यांत चौदा नंबर.

"अन् हे माह्या नावापुढं अडतीस लिहिलं हाये," सरिता बोट ठेवून म्हणाली. "अडतीस म्हणजे किती वं? चांगलं का?"

खाली नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"सांगते," चारुशीला म्हणाली. "नीट बघून सांगते."

"सांगजो. घाई नाही. थांब, चिवडा केला हाये." सरिता स्वयंपाकघरात गेली.

श्रावस्तीनं कागदाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग आईच्या पिशवीतून रुमाल काढला, उलगडला, घुमटी टेबलावर ठेवली आणि बाजूला झाली. लहानपणी आईबरोबर फिरून तिला हे येत होतं. आकडा सहाशे चाळीसवर स्थिरावला. तिनं तो मोठ्यानं वाचला नाही. मीटर पुन्हा रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. सरितानं चिवडा आणला तेव्हा तिनं दोन बशा खाल्ल्या आणि मावशीला शिकवणीतल्या गमती सांगत बसली. आईकडे एकदाही पाहिलं नाही.

स्कूटरवर मागे बसून ती म्हणाली, "तू कूलरचा शेरा लिहिला नाही."

चारुशीला गाडी चालवत राहिली.

"विसरलीस?"

सिग्नल लागला. "नाही," चारुशीला म्हणाली.

घरी पोचल्यावर श्रावस्तीनं चप्पलही काढली नाही. तिनं ट्यूब बंद केली, मीटर काढला आणि घुमटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, जिथे काच उघडल्यावर सगळ्यात जास्त उजेड असतो तिथे. दुपारचे दोन वाजले होते. गिरिधर नुकताच जेवायला आला होता.

"अंधारात काय शोधून राहिली बे?"

"किती आहे ते बघते." तिनं आकडा वाचला. "एकतीस."

"एकतीस काय?"

"उजेड. मावशीकडे कूलर लावूनही अडतीस होता, बाबा."

"मंग!" गिरिधर हसला, "आपल्या घराले तं अकरा वर्षांपासून सिमेंटचा कूलर लावला हाये. अन् बारा महिने उतरवतच नाही कोणी." आपल्याच विनोदावर खूश होऊन तो पाटावर बसला. "चारू, वाढ वं. भूक लागली."

चारुशीला उभी होती, ओट्याला हात टेकून. एकतीस. तिनं सरिताच्या खोलीत घालायचा तेवढा सगळा अंधार घातला होता, मे महिन्याचा, प्लायवूडचा, थर्माकोलचा. तरी ती खोली तिच्या घराहून सात लक्सनं उजळ होती. हे असं कसं, हे तिला कुणालातरी विचारायचं होतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं डोळे मिटून ती खोली आठ मजली दवाखान्यासमोर बघायचा प्रयत्न केला. हे तिला येतं, तेच तिचं काम आहे. कडुनिंब गेला, कवेलू गेले, आकाश गेलं. समोर काच आणि एसीचे डबे. टेबलावर ट्यूब. सरिता ट्यूबखाली काळा धागा हातात घेऊन तो निळा आहे का बघते आहे. इथवर तिला गोड वाटलं. पण श्रावस्ती त्या खोलीतून उठून घरी येईना. ती तिथेच बसली होती, मावशीला धागा ओवून देत, अंधारात दोघी जवळ जवळ. चारुशीलानं परत परत तिला उठवून पाहिलं. ती उठली तेव्हा घराकडे वळली नाही. जिथे उजेड आहे अशा तिसऱ्याच कुठल्यातरी शहराच्या रस्त्याला लागली.

आणि मग आपण रोज कशाकडे बघायचं, असा एक विचार तिच्या मनात आला. पारशिवनीपासून ती सरिताकडे बघत आली होती. दोघींकडे एकतीस असेल तर बघायला काहीच उरत नव्हतं.

*

सोमवारी ती उन्मेष सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. दुरुस्तीचा अर्ज तिनं हातानं लिहून आणला होता. चौदा नंबर, कूलर बसवलेला होता, शेरा दिला गेला नाही, फेरमोजणी व्हावी. खाली सही.

"तुमचाच नियम तुम्ही विसरलात?" सर म्हणाले.

"विसरले नाही, सर. लिहिला नाही."

"का?"

"ती माझी मैत्रीण आहे."

सरांनी चष्मा काढला. त्यांना ते कळलं नाही हे तिला दिसलं. "मैत्रीण असेल तर माणूस आकडा वाढवतो, ताई. तुम्ही तर..." ते थांबले. "आधी सांगायचं होतं ना. आपण दुसऱ्याला पाठवलं असतं."

"हो सर."

"मी तुम्हाला विचारलं होतं. कूलर नव्हता का म्हणून."

"हो सर."

मग सर म्हणाले की फेरमोजणीला ते स्वतः जातील. आणि तिनं यापुढे कार्यालयातच बसावं, आराखड्यांवर सावल्या काढाव्यात. ओरडले नाहीत. तिनं पिशवीतून रुमालासकट मीटर काढून टेबलावर ठेवला. सरांनी रुमाल परत केला.

सरिताला तिनं त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. सगळं, क्रमानं. चित्रापर्यंत आल्यावर ती अडखळली, पण तेही सांगितलं. सरिता एका मुलाच्या शाळेच्या स्वेटरचं कोपर भरत होती. तिचा हात थांबला नाही.

"अडतीस म्हणजे अंधार होय," ती शेवटी म्हणाली. "अन् मी गल्लीभर सांगत फिरली, माह्या खिडकीले काही होत नाही."

"सरिता..."

"मी तुले पन्हं देऊन राहिली होती वं." तिनं धागा दातानं तोडला. "तुह्या मनात येवढं होतं, तं तोंडानं बोलायचं होतं. भांडायचं होतं. भैताडासारखी मीटर घेऊन काय येतेस?"

सरिता उठली, स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला, पण चहा आला नाही. थोड्या वेळानं चारुशीला आपली आपण उठून जिना उतरली.

श्रावस्ती आठ दिवस आईशी कामापुरतं बोलली. मावशीकडे जाणं तिनं सोडलं नाही, आणि सरितानंही तिला येऊ नको म्हटलं नाही. हे चारुशीलाला सगळ्यात जास्त लागलं. सरितानं मुलीवर राग काढला असता तर निदान एका बाबतीत तिला सरितापेक्षा बरं म्हणवून घेता आलं असतं.

नव्या यादीत चौदा नंबर बाधितांत आला. त्या बाजूला तिसऱ्या मजल्याच्या वरचा भाग मागे घ्यायचं ठरलं. त्या आराखड्यावरच्या सावल्या काढायचं काम चारुशीलाकडेच आलं. डिसेंबरची सावली तिनं तीनदा काढून पाहिली. बंगला गेला, कडुनिंब गेला, पण सकाळी अकरा ते दुपारी दोन ऊन टेबलापर्यंत पोचत होतं. पलंगाखाली नाही. टेबलापर्यंत.

*

डिसेंबरात एका शनिवारी श्रावस्तीला घ्यायला ती धंतोलीत गेली. खाली फाटकाशी थांबायचं तिनं ठरवलं होतं. पण वरून हाक आली.

"वर ये वं. रस्त्यावर काय पहारा देऊन राहिली?"

जुलैनंतर ती पहिल्यांदाच त्या खोलीत शिरली. खिडकीबाहेर दवाखान्याचा दुसरा मजला चढत होता, बांबूंची परांची, हिरवी जाळी. त्याच्या वर आकाश होतं. आधीपेक्षा कमी. ऊन टेबलाच्या काठापर्यंत आलं होतं. श्रावस्ती त्या उन्हात वाकून पेन्सिलीला टोक काढत होती. भिंतीवर हातांच्या चित्राशेजारी आणखी दोन चित्रं लागली होती. एक बांधकामाचं. एक वसंतभाऊंचं, झोपलेल्या.

"तुह्या कोटाले भोक पडलं हाये," सरिता म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता. "कोपराजवळ. दे इकडे."

"राहू दे. जुना आहे."

"जुना हाये म्हणूनच म्हणते. काढ."

चारुशीलानं कोट काढून दिला. सरितानं आतली शिवण उसवून एक धागा ओढला, तो उजेडात धरला, मान तिरकी करून पाहिला. मग दुसरा ओढला. चारुशीला टेबलाशी उभी राहून बघत होती. ते हात तिच्या कापडावर फिरताना, आणि शेजारी तिच्या मुलीचं डोकं, केसांच्या कडा उन्हानं तांबूस झालेल्या. पोटात ती घट्ट गोष्ट आपल्या जागी परत येऊन बसली होती. पुरी, कुठेही न झिजलेली. तिनं तिला ओळखलं.

"चारू," सरिता वर न बघता म्हणाली, "बाजूले हो. उजेड अडवून राहिली."

श्रावस्तीनं मान वर केली. दोघी तिच्याकडे बघत होत्या.

चारुशीला भिंतीशी सरकली. तिची सावली टेबलावरून निघून गेली आणि सरितानं सुईत धागा ओवला.